बालहृदयरोगतज्ज्ञाची एक जागा

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या भरतीच्या जाहिरातींमध्ये अधूनमधून ‘सहायक प्राध्यापक, बालहृदयरोगशास्त्र, एक पद’ अशी ओळ दिसते. बालरोगशास्त्राचा अध्यापक असताना आणि निवृत्तीनंतरही विषयतज्ज्ञ म्हणून अशा मुलाखतींना बसण्याचे काम माझ्याकडे येत गेले. ‘उमेदवारच मिळत नाहीत’ ही तक्रार अधिष्ठात्यांच्या दालनात नेहमी ऐकू येते, पण माझ्या मते तिचे मूळ पुष्कळदा जाहिरातीतच असते. एका माणसाकडून होण्यासारखे नसलेले काम आपण एकाच माणसाकडून मागतो, आणि तो आला नाही की टंचाईला दोष देतो.

टंचाई आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. हजार जिवंत जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ बालकांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. भारतात दरवर्षी अशी दोन लाखांहून अधिक बालके जन्माला येतात, आणि त्यांतल्या सुमारे एकपंचमांश बालकांना पहिल्याच वर्षात शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरद्वारे, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीद्वारे, उपचार लागतात, असा अंदाज आहे. त्यांच्यासाठी लागणारा डॉक्टर घडायला साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, तीन वर्षांचे एमडी आणि त्यावर तीन वर्षांचे डीएम (अतिविशेषज्ञतेची पदवी) किंवा दोन वर्षांची फेलोशिप, एवढा काळ जातो. त्यातही बाळाच्या नाजूक शिरेतून कॅथेटर नेण्याचा सराव हवा असेल तर अनुभवी सहकाऱ्याच्या हाताखाली आणखी काही वर्षे काढावी लागतात. देशात ही मंडळी इतकी थोडी आहेत की बहुतेक जण एकमेकांना नावाने ओळखतात. त्यामुळे कोणत्या रुग्णालयात काम करता येते आणि कोठे नुसतीच पाटी लागते, ही माहिती जाहिरातीच्या आधीच त्यांच्यापर्यंत पोहोचलेली असते.

या कामाचे स्वरूप प्रशासनाला ठाऊक नसते, असे मी म्हणणार नाही. पण ते कागदावर येत नाही. महारोहिणी आणि फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी यांची जागा ज्याच्या हृदयात उलटसुलट झाली आहे, असे बाळ जन्मानंतर काही तासांतच निळे पडू लागते. जन्मानंतर आपोआप बंद होणारी डक्टस नावाची वाहिनी उघडी ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचे औषध शिरेतून सुरू करावे लागते. तेवढ्याने भागले नाही तर फुगा लावलेली नळी आत नेऊन दोन अलिंदांमधले (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधले) छिद्र मोठे करावे लागते. विल्यम रॅशकिंड यांनी 1966 मध्ये मांडलेली ही युक्ती आज नवजात अतिदक्षता कक्षात, इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) पडद्याकडे पाहत, बाळाच्या पाळण्याशेजारीही करता येते. परंतु ती रात्री दोन वाजताही करावी लागते, आणि त्यानंतर साधारणपणे पहिल्या दोन ते चार आठवड्यांत रोहिण्या पुन्हा योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया झाली पाहिजे. वर्षातील प्रत्येक रात्री एकच डॉक्टर उपलब्ध राहील, अशी अपेक्षा बाळगणारे पत्रक काढता येते. तसा डॉक्टर मात्र फार काळ टिकत नाही.

या शाखेच्या इतिहासातली एक नेमणूक मला म्हणूनच वारंवार आठवते. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बालरोग विभागाचे प्रमुख एडवर्ड्स पार्क यांनी 1930 मध्ये हॅरिएट लेन या मुलांच्या रुग्णालयातील हृदयरोग बाह्यरुग्ण विभाग हेलन टॉसिग यांच्याकडे सोपवला. टॉसिग यांची श्रवणशक्ती क्षीण होत चालली होती, आणि जन्मजात दोष असलेल्या मुलांसाठी त्या काळी करता येण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते. म्हणजे आजच्या निवड समितीपुढे हा अर्ज आला असता तर तो बहुधा पहिल्या छाननीतच बाजूला पडला असता. पार्क यांनी त्यांना फ्लुओरोस्कोप, म्हणजे हृदयाची हालचाल पडद्यावर दाखवणारे क्ष-किरण यंत्र, वापरायला प्रवृत्त केले आणि काम करायला वेळ दिला. त्या निरीक्षणांतून टॉसिग यांच्या लक्षात आले की काही निळ्या मुलांच्या फुप्फुसाकडे पुरेसे रक्त जात नाही, आणि ते नेण्यासाठी नवी वाट करून देता येईल. ती वाट करणारा शल्यचिकित्सक मात्र 1941 मध्ये आला. आल्फ्रेड ब्लेलॉक शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख म्हणून रुजू होताना आपले प्रयोगशाळा सहायक व्हिव्हियन थॉमस यांनाही सोबत घेऊन आले. कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया थॉमस यांनी घोटवली, आणि 29 नोव्हेंबर 1944 रोजी पहिल्या बालिकेवर ती झाली, तेव्हा ते ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून सूचना देत होते. पगाराच्या यादीत मात्र त्यांची गणना सफाई कर्मचाऱ्याच्या वर्गात होत होती, हेही येथे नमूद करायला हवे. टॉसिग यांच्या नेमणुकीचे फळ दिसायला चौदा वर्षे लागली, आणि ते दिसले तेव्हा त्यांच्याबरोबर शल्यचिकित्सक होता व शल्यचिकित्सकाबरोबर त्याने हट्टाने आणलेला सहकारी होता. आपल्याकडील हृदयरोगशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, डॉ. एस. पद्मावती यांनीही हॉपकिन्समध्ये टॉसिग यांच्याकडे शिक्षण घेतले होते, आणि 1953 मध्ये त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात रुजू झाल्या.

म्हणून एखादा उमेदवार मुलाखतीत ‘माझ्याबरोबर अमुक परिचारिका किंवा अमुक इकोतंत्रज्ञ येऊ शकेल का’ असे विचारतो, तेव्हा माझे सहकारी भुवया उंचावतात आणि मी मनात त्याला दोन गुण जास्त देतो. ज्याने हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यालाच हा प्रश्न सुचतो.

खरे तर अशा मुलाखतीत रुग्णालयाचीच परीक्षा जास्त असते. बाळाच्या हृदयाचा इको करण्यासाठी उच्च वारंवारितेचा लहान प्रोब (छातीवर टेकवायचे उपकरण) लागतो. मोठ्यांच्या विभागातला प्रोब तीन किलोच्या बाळावर जवळजवळ निरुपयोगी ठरतो. बाळ रडत असेल तर त्याला शांत करण्याचे औषध द्यावे लागते, त्यावर लक्ष ठेवणारे माणूस लागते, आणि एका तपासणीत सहज अर्धापाऊण तास जातो. बाह्यरुग्ण विभागात तासाला दहा रुग्ण हा हिशेब येथे लागू पडत नाही. कॅथलॅब, म्हणजे कॅथेटरचे उपचार जेथे होतात ती खोली, बहुधा प्रौढांच्या हृदयरोग विभागाच्या ताब्यात असते आणि हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण आला की मुलाची आधी ठरलेली प्रक्रिया पुढे ढकलली जाते. ते योग्यही असते, पण आठवड्यातले ठरावीक दिवस लेखी राखून ठेवल्याशिवाय मुलांची पाळी कधीच येत नाही. शस्त्रक्रियेनंतर बाळ सांभाळणाऱ्या परिचारिकांना तयार होण्यास वर्ष-दीड वर्ष लागते, आणि नेमक्या त्या तयार झाल्या की त्यांची बदली दुसऱ्या कक्षात होते. बदलीचे हे सत्र एका महाविद्यालयात मी जवळून पाहिले आहे. तेथील तरुण सहायक प्राध्यापकाने राजीनामा दिला, तेव्हा त्यात पगाराचा उल्लेखही नव्हता.

पगाराविषयी अर्थात बोलले पाहिजे. खासगी रुग्णालये या तज्ज्ञाला शासकीय वेतनाच्या कित्येक पट देतात, आणि ही तफावत महाविद्यालय स्वतःहून भरून काढू शकत नाही. परंतु जे महाविद्यालयाच्या किंवा शासनाच्या हातात आहे तेही केले जात नाही. लोकसेवा आयोगामार्फत नियमित नेमणूक होईपर्यंत वर्षभराहून कमी मुदतीचा कंत्राटी आदेश द्यायचा, मधे एका दिवसाचा खंड पाडायचा आणि पुन्हा आदेश द्यायचा, या पद्धतीवर कोची किंवा बंगळूर सोडून, पत्नीची किंवा पतीची नोकरी आणि मुलांची शाळा बदलून कोण येईल? उरतात ते बंधपत्रित सेवेचे, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक काळ शासकीय सेवा करण्यास बांधलेले, उमेदवार. त्यांच्यातले कित्येक अतिशय गुणी असतात, परंतु वर्ष संपताच जातात, आणि त्यांनी सुरू केलेली रुग्णांची नोंदवही पुढच्या वर्षी कपाटात पडून राहते. किमान दोन नियमित पदे आणि एक ज्येष्ठ मार्गदर्शक, मग तो बाहेरचा मानद असला तरी चालेल, एवढे नसेल तर जाहिरात देऊच नये, असे माझे ठाम मत आहे. ते समितीत कोणालाच आवडत नाही.

मुलाखतीत मी शोधनिबंधांची संख्या विचारत नाही. ती अर्जात असतेच. मला विचारायचे असते ते हे की शल्यचिकित्सकांबरोबरची साप्ताहिक बैठक तुमच्याकडे कशी चालत असे, मागच्या वर्षी तेथे कोणता निर्णय बदलावा लागला, आणि शस्त्रक्रियेयोग्य नसलेल्या मुलाच्या आईवडिलांशी तुम्ही काय बोललात. एका उमेदवाराने शेवटच्या प्रश्नावर बराच वेळ विचार केला आणि मग सांगितले की तो आधी वडिलांना घरापासून रुग्णालय किती लांब आहे ते विचारतो, कारण उरलेले सगळे त्यावर ठरते. तो केरळमधला होता आणि त्याला मराठी येत नव्हते. समितीतल्या एकाने त्यावर बोट ठेवले. माझ्या मते सहा महिन्यांत कामापुरती मराठी येते, ते उत्तर मात्र शिकवून येत नाही.

शैक्षणिक रुग्णालयात हा माणूस कशासाठी हवा, हे सांगताना बहुतेक जण प्रक्रियांची संख्या मोजतात. मला त्याचे अध्यापन अधिक महत्त्वाचे वाटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरमध्ये झाली, आणि त्याची पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन मुले तपासतात. त्या पथकातील डॉक्टरने मर्मर (हृदयाच्या ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज) ऐकून मूल पाठवायचे की नाही, नवजात बाळाच्या जांघेतील नाडी चाचपायची सवय प्रसूतिगृहातील डॉक्टरला आहे की नाही, उजव्या हातावर आणि पायावर ऑक्सिजनचे प्रमाण मोजून दोन्हींतील फरक पाहायचा असतो हे परिचारिकेला माहीत आहे की नाही, यावर कोणते मूल वेळेत पोहोचते ते ठरते. निवासी डॉक्टर हे सगळे शिकून तालुक्याच्या रुग्णालयात जातात. म्हणून या पदाच्या कर्तव्यसूचीत जिल्ह्यांत जाऊन घ्यायच्या तपासणी शिबिरांचे आणि प्रशिक्षणाचे दिवस स्पष्ट लिहिलेले असावेत, आणि ते कामाचे दिवस धरले जावेत. केरळ शासनाने 2017 पासून ‘हृद्यम’ या कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांची राज्यभराची नोंदणी ठेवून तातडीनुसार त्यांना शासकीय व खासगी रुग्णालयांत पाठवण्याची व्यवस्था केली. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च निघू शकतो, पण मुलाला शोधून काढणारा आणि योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठवणारा दुवा विस्कळीत आहे. महाविद्यालयातल्या तज्ज्ञाचे खरे संशोधन येथून सुरू होऊ शकते.

गर्भवैद्यकातली एक जबाबदारीही जाहिरातीत कधी येत नाही. गर्भाच्या हृदयाचा इको साधारणपणे अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान केला जातो, आणि गर्भपात कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर चोवीस आठवड्यांच्या पुढील गर्भपाताचा निर्णय गर्भातील गंभीर दोषांच्या बाबतीत वैद्यकीय मंडळाकडे जातो. कायद्याने त्या मंडळावर बालरोगतज्ज्ञ असतो, परंतु दोष हृदयाचा असेल तर ‘हे बाळ जगेल का, किती शस्त्रक्रिया लागतील’ या प्रश्नाचे उत्तर शेवटी बालहृदयरोगतज्ज्ञालाच विचारले जाते. हे काम अवघड आहे, त्याची कोठेही गणना होत नाही, आणि त्याची कल्पना उमेदवाराला रुजू होण्यापूर्वी दिली पाहिजे.

निवड झाल्यानंतर उमेदवाराला सध्याची नोकरी सोडण्यासाठी बहुधा तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते. तो काळ रुग्णालयाने वाया घालवू नये. प्रोबची खरेदी, कॅथलॅबच्या दिवसांचा लेखी आदेश, परिचारिकांच्या बदल्यांना दोन वर्षांची स्थगिती आणि दुसऱ्या पदाचा प्रस्ताव, एवढे त्या तीन महिन्यांत होऊ शकते, आणि त्याच्या प्रती त्याला नेमणुकीच्या आदेशाबरोबरच पाठवता येतात.