टीव्ही इन्व्हर्टरवर घेतला त्याची गोष्ट

इन्व्हर्टर आमच्याकडे बरीच वर्षं आहे पण त्यावर फक्त पंखे आणि ट्यूब, टीव्हीचा बोर्ड मेन लाईनवरच राहिलेला. गेल्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी लाईट जायला लागली आणि ती पण नेमकी आईच्या सिरीयलच्या टायमाला, मग म्हटलं घेऊनच टाकू टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि राऊटर त्यावर.

लोड फार नाही हो. 43 इंची एलईडी टीव्ही 80-90 वॅट, बॉक्स आणि राऊटर मिळून 20-25, दोन पंखे 150. बॅटरी 12 व्होल्ट 150 एएच (ॲम्पियर-अवर), म्हणजे कागदावर 1800 वॅट-अवर, पण लेड ॲसिड बॅटरी पार पिळायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो, त्यामुळे नवीन असेल तर चारेक तास धरा, आमची म्हातारी आहे, अडीच तासात कुंथायला लागते.

वायरमन आला, पंख्याच्या बोर्डातून इन्व्हर्टरची फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, ओढून टीव्हीच्या बोर्डाला दिली, न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी, जुनाच ठेवला. म्हणाला, "दादा, न्यूट्रल काय, सगळीकडे एकच असतो." टीव्ही लावला, खटकन आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती दिसली की लाईन तोडणारा स्वीच, पडला. परत वर केला, परत पडला. आमच्या डीबीत (मेन स्वीचच्या पेटीत) हॉलला एक आणि बाकी घराला एक असे दोन आरसीसीबी आहेत, आता करंट जातोय एकातून आणि परत येतोय दुसऱ्यातून, त्याला वाटणारच कुठेतरी गळती आहे! 30 मिलीॲम्पियरचा फरक त्याला पुरतो आणि टीव्ही घेतो त्याच्या दहापट. तर हा पठ्ठ्या म्हणतो आरसीसीबी डायरेक्ट करू का, म्हणजे मधून काढूनच टाकू का. मी म्हटलं राहू दे बाबा, न्यूट्रल पण तिकडूनच ओढ. अर्धा तास कुरकुरत ओढली, मग गप्प झालं सगळं.

तरी लाईट गेली की बॉक्स रिस्टार्ट व्हायचाच, आणि तो चालू होईपर्यंत सिरीयलमधली थोबाडीत मारून झालेली असायची. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्वीच असतो, नॉर्मल आणि यूपीएस, इतक्या वर्षांत मी त्याला हातच लावला नव्हता. यूपीएसवर टाकला की बदल इतका पटकन होतो की बॉक्सला पत्ता लागत नाही. फक्त यूपीएस मोडला कमी व्होल्टेज चालत नाही, 180 च्या खाली गेलं की लाईट असूनही तो बॅटरीवर उडी मारतो, आणि आमच्याकडे आठच्या सुमारास बोरवेलच्या मोटारी चालू झाल्या की हे होतंच. बॅटरीचं पाणी आता जरा लवकर बघावं लागतं.

होम थिएटर पण जोडून बघितलं होतं, पण आमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हवाला, म्हणजे मेनसारखा गुळगुळीत करंट न देता चौकोनी झटक्यांचा देणारा, त्यामुळे वूफरमधून भुंगा शिरल्यासारखी घूंऽऽ घूंऽऽ. मेनसारखा करंट देणारा साईन वेव्हवाला असता तर कदाचित चाललं असतं. म्हणून तेवढं मेनवरच ठेवलंय. आता वूफर मधेच गप्प झाला की आई टीव्हीवरची नजर न काढता विचारते, "गेली का रे?"