घराच्या कागदांची वकीलफी आधी लिहून मिळायलाच हवी

नोटरीला आपल्या फीचा बोर्ड ऑफिसच्या आत आणि बाहेर दिसेल असा लावावा लागतो, १९५६ च्या नोटरी नियमांत तसं स्पष्ट आहे. सोसायटी फ्लॅट ट्रान्सफर करताना मुंबईत २५,००० च्या वर प्रीमियम घेऊ शकत नाही. रजिस्ट्रेशन फी १ टक्का, पण ३०,००० च्या वर नाही. एवढं सगळं ठरलेलं असताना सर्च काढणारा (म्हणजे घराच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदी तपासणारा), अ‍ॅग्रीमेंट ड्राफ्ट करणारा, पेपरात पब्लिक नोटीस देणारा वकील किती घेणार याला मात्र काही धरबंध नाही, समोरचा माणूस बघून आकडा सांगितला जातो.

माझ्या मावशीने मुलुंडला रिसेलचा वन बीएचके घेतला, ८५ लाखांचा, तिच्या एकटीच्या नावावर. वकिलाकडून हिशोबाचा कागद आला त्यात चार ओळी होत्या: स्टॅम्प ड्युटी ४,२५,०००, रजिस्ट्रेशन ४५,०००, लीगल २५,०००, मिस. १२,०००. पहिली ओळ बरोबर आहे, बाईच्या नावावर घर असेल तर मुंबईत ६ ऐवजी ५ टक्के लागतात. पण दुसरी ओळ बघा, रजिस्ट्रेशनच्या चलनावर ३०,००० च आहेत मग वरचे १५,००० कसले? विचारलं तर म्हणे अहो ताई त्यात स्कॅनिंग, हँडलिंग सगळं आलं. हँडलिंगचे तेव्हा पानाला २० रुपये लागायचे, साठ पानांचं अ‍ॅग्रीमेंट धरलं तरी १,२०० होतात. आणि मिस. म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. मावशी म्हणाली, जाऊ दे गं, काम झालं ना नीट. मला ते जाऊ द्यावंसं वाटत नाही कारण त्याने सरळ माझी फी पन्नास हजार असं सांगितलं असतं तरी मावशीने दिले असते, काम खरंच चांगलं केलं होतं त्याने. स्वतःची फी सरकारच्या नावाखाली लावली याचा राग आहे.

यावर सरकारने रेटकार्ड काढावं असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही. किमतीच्या टक्केवारीत तर अजिबातच नको. नव्या टॉवरमधला तीन कोटींचा फ्लॅट असेल तर बिल्डरने टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी हक्काचा अहवाल, महारेराच्या (बिल्डरांवरच्या सरकारी नियामकाच्या) साइटवर टाकलेलाच असतो, आणि गिरगावातल्या जुन्या बिल्डिंगमधली एक खोली, मूळ मालक वारलेले, चार वारस, त्यातला एक परदेशात, तीस वर्षांचा सर्च, जुन्या इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा) मधलं न लागणारं अक्षर, रिलीज डीड म्हणजे वारसांचं हक्कसोडपत्र, यात वकिलाचा घाम निघतो आणि त्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. शिवाय कमाल दर ठरला की सगळे तोच लावणार.

मला हवंय ते एवढंच, की काम हातात घ्यायच्या आधी एका कागदावर सहीनिशी यावं: माझी फी इतकी, त्यात ही ही कामं, सरकारी पैसे वेगळे आणि त्याची पावती मिळेल. इंग्लंडमध्ये घरखरेदीचं काम घेणाऱ्या सॉलिसिटर फर्मना डिसेंबर २०१८ पासून दर आणि त्यात काय काय येतं हे जाहीर करावं लागतं. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमाने वकिलांना जाहिरातीला बंदी आहे त्यामुळे दर कुठे वाचायलाच मिळत नाहीत, पण स्वतःच्या पक्षकाराला लिहून देणं ही काही जाहिरात नाही.

आणि हे आता जास्त गरजेचं झालंय कारण मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असं सांगितलं, म्हणजे ग्राहक मंचाचा रस्ता बंद. राहतं काय तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार नाहीतर दिवाणी दावा, आणि ४५,००० च्या एका ओळीसाठी दावा कोण लावतो?

सध्या घर घेत असाल तर चलन स्वतःच्या लॉगिनमधून भरा, स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन दोन्ही ऑनलाइन भरता येतात. फी व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या. आणि फीवरून वाद झाला म्हणून कोणी ओरिजिनल कागद अडवून धरले तर घाबरू नका, फी थकली तरी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय.