सात रुपयांची पावती

शाळेचं आमंत्रण आलं तेव्हा मी पुण्यात आमच्या बँकेत दिवसाची कॅश जुळवत बसलो होतो. 'सुवर्णमहोत्सव' हा शब्द वाचला आणि आधी गॅदरिंगवाले सरच आठवले. त्यांचं नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत गॅदरिंगवाले सर म्हटल्यावर दुसरं कोण?

सर मराठी शिकवायचे, पण तास अर्ध्यावर आला की खडू खाली ठेवून निळूभाऊंवर, म्हणजे नट निळू फुले यांच्यावर, यायचे. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, माळीकाम करणारा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडला, 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगानं गाजला, 1968 साली 'एक गाव बारा भानगडी'तून पडद्यावर आला, आणि मग त्याचे खलनायक बघून गावोगावच्या बाया त्याच्या नावानं बोटं मोडू लागल्या. हे आम्हाला तोंडपाठ होतं. सरांना मात्र अप्रूप होतं ते सामाजिक कृतज्ञता निधीचं. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून डॉ. श्रीराम लागू, निळूभाऊ, तनुजा अशी मंडळी अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' घेऊन फिरली. नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, कुणीच घेतली नाही. सर परगावी जाऊन तो प्रयोग बघून आले होते. तिकिटाचा फिकट गुलाबी तुकडा ते पाकिटात ठेवायचे आणि वर्गात पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरवायचे.

1993 साली मी नववीत होतो. गणपती बोळवून सोलापूर नुकतंच झोपलं होतं. 30 सप्टेंबरच्या पहाटे फळीवरची भांडी खणखणली आणि सगळी गल्ली रस्त्यावर आली. मग किल्लारीच्या भूकंपाचं कळलं, जखमींच्या गाड्या सिव्हिलकडे येऊ लागल्या. सरांनी मदतनिधीसाठी दहा दिवसांत एक छोटा वग बसवला. त्यात मी पाटील. पहिल्याच तालमीला मी घसा फोडून ओरडलो, तर सर म्हणाले, "काय बे, पाटलाला ओरडायची गरज पडती का? आवाज खाली घे. आधी बघ, मग बोल." आजही स्टेजवर गेलो की पहिलं वाक्य मी हळूच घेतो.

प्रयोगाची एक-एक रुपयाची कूपनं घेऊन आम्ही चौघं पूर्व भागात हिंडलो. यंत्रमागांचा खडखडाट एवढा की हातवारे करूनच सांगावं लागायचं. विड्या देऊन परतणाऱ्या एका बाईनं पदराची गाठ सोडली, चार नाणी मोजून दिली, तेलुगूत काहीतरी बोलली आणि कूपनं नीट घडी करून त्याच गाठीत बांधली. ती प्रयोगाला आली की नाही, मला माहीत नाही.

परत येताना भूक लागली होती. आम्ही भजी खाल्ली, चहा घेतला. दिवसभर उन्हात फिरलो, एवढा आपला हक्कच आहे असं वाटलं. संध्याकाळी प्रयोगशाळेच्या टेबलावर सरांनी स्थळप्रती आणि पैसे जुळवले. सात रुपये कमी. आम्ही खरं सांगून टाकलं. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हणजे नाईट घेतली तुम्ही." आणि स्वतःच्या खिशातून सात रुपये काढून त्या ढिगात ठेवले. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आज आमच्या हौशी ग्रुपचा वर्षातला एक प्रयोग मदतनिधीसाठी असतो. हिशोब त्याच रात्री, विंगेतच, सगळ्यांसमोर होतो. चहाचे पैसे सुद्धा ज्याचे त्यानं द्यायचे. सरांची पद्धत. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. निळूभाऊ 2009 साली गेले, आणि आताच्या पोरांना ते मोबाइलवरच्या 'वाड्यावर या'च्या नकलेपुरतेच माहीत. माझा मुलगाही ती नक्कल करतो. त्याला बसवून मी निधीची सगळी गोष्ट सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." आता शाळेत तिकिटाचा तुकडा फिरवणारं कोणी आहे का?

पहिला पगार झाल्यावर मी सरांच्या घरी सात रुपये घेऊन गेलो होतो. सर तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी ते परत केले नाहीत, हसलेही नाहीत. चष्मा लावला, वहीतलं पान फाडलं आणि पावती लिहिली: 'रुपये सात मिळाले. निधीत जमा.' खाली सही, तारीख.

स्मरणिकेसाठी तुम्ही जुना फोटो मागितला आहे. त्या वगाचा फोटो कुणी काढलाच नव्हता. पावतीची झेरॉक्स सोबत जोडतो आहे. जागा असली तर तीच छापा.