मोबाइल असताना हे कशाला?

माझ्या हातातली ही गोल वस्तू पाहून लोक आधी विचारतात, ‘घड्याळ बंद पडलंय का?’ त्यावर गणितं करतात असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग मोबाइल असताना हे कशाला बाळगता?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

हा सोव्हिएत बनावटीचा केएल-१, खिशात मावणारा गोल स्लाइड रूल, म्हणजे आकड्यांच्या खुणा सरकवून गुणाकार-भागाकार करायचं साधन. दोन्ही बाजूंना काच, कडेला दोन किल्ल्या. काळ्या ठिपक्याची किल्ली पुढची तबकडी फिरवते, लाल ठिपक्याची काटा. तबकडीवर १ ते १० आकडे आहेत, पण सारख्या अंतरावर नाहीत. १ ते २ एवढ्यातच वर्तुळाचा जवळजवळ तीस टक्के भाग जातो आणि ९ च्या पुढे नुसती दाटी. ही लॉगॅरिदमची अंतरं, म्हणजे गुणाकाराची बेरीज करून देणारी मापं. ती एकापुढे एक जोडली की गुणाकार होतो.

२४ गुणिले ३५ करून बघा. तबकडी फिरवून २४ साठी २.४ हा आकडा वरच्या बाजूच्या, न हलणाऱ्या खुणेखाली आणायचा. काटा १ वर न्यायचा. आता ३५ साठी ३.५ काट्याखाली येईपर्यंत पुन्हा तबकडी फिरवायची. खुणेखाली ८.४ दिसेल. ते ८४ की ८४० हे यंत्र सांगत नाही, ते आपण ठरवायचं. वीस चाळीस आठशे, म्हणजे ८४०. मला हा रूल आवडतो तो यासाठीच. उत्तर केवढं असायला हवं याचा अंदाज आधी डोक्यात तयार लागतो. मोबाइलवर एक शून्य जास्त पडलं तरी आपण मान डोलावतो.

दुसरं कारण त्रैराशिक. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, म्हणून काट्याखाली १ आणि खुणेखाली २.५४ एकदा लावून ठेवलं की काट्याला पुन्हा हात लावायचा नाही. सुतार १८ इंच म्हणाला, की तबकडी फिरवून काट्याखाली १.८ आणायचं, खुणेखाली ४.५७, म्हणजे ४५.७ सेंटिमीटर. ३० म्हणाला तर ७६.२. इंच-सेंटिमीटरचं अख्खं कोष्टक त्या एका मांडणीत असतं. सरळ पट्टीच्या स्लाइड रूलवर असं करताना उत्तर मध्येच पट्टीबाहेर जातं आणि सगळं उलटं लावावं लागतं. वर्तुळाला टोकच नाही! शिवाय चार सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळावर साडेबारा सेंटिमीटरची पट्टी मावते. तीन अंकांपर्यंतचं उत्तर मिळतं. घरच्या आणि कारखान्यातल्या बहुतेक कामांना तेवढं पुरतं.

ही कल्पना फार जुनी. स्कॉटिश गणितज्ञ जॉन नेपियरचे लॉगॅरिदम १६१४ चे. इंग्लंडमध्ये रिचर्ड डेलामेनने १६३० मध्ये आणि त्याचे गुरू विल्यम ऑट्रेड यांनी १६३२ मध्ये गोल मांडणी छापली, आणि ती आधी कोणाची यावरून दोघांचं चांगलंच बिनसलं. १९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशातला कॅल्क्युलेटर आला आणि काही वर्षांतच स्लाइड रूल मागे पडले.

जुन्या बाजारात असा एखादा दिसला तर घासाघीस करण्याआधी एक तपासा. खुणेखाली २ आणि काट्याखाली १ लावा, मग नुसती तबकडी फिरवा. खुणेखालच्या ४ ला काट्याखाली २, ६ ला ३, ८ ला ४ बरोबर जुळायला हवेत. काटा तबकडीबरोबर जरासुद्धा सरकला, तर तो घेऊ नका.