न दिलेली पाच पाने

गेल्या महिन्यात एका बाईंचा फोन आला आणि २०१८ सालची एक फाइल मी पुन्हा उघडली. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले. परंतु ते देऊन झाल्यावरही त्या फाइलमधील एक दिवस मनातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

कॅनडाच्या कायमस्वरूपी वास्तव्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, कुशल कामगार म्हणून अर्ज करणाऱ्यांच्या फाइली मी पुण्यात बसून तयार करते. पैसे घेऊन अर्जदाराचे प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार कॅनडाच्या कायद्याने तेथील वकिलांना आणि परवानाधारक सल्लागारांना दिलेला आहे. त्यामुळे प्रतिनिधी म्हणून सही आमच्या तेथील परवानाधारकाची असते आणि कागद वाचण्याचे काम माझे. लोकांना वाटते की आम्ही फॉर्म भरतो. फॉर्म भरणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग आहे. दिवसाचे सहा तास मी दुसऱ्यांचे दाखले, करारपत्रे, बँकेची पत्रे आणि निकालपत्रे वाचत असते व त्यांतील एक तारीख दुसरीशी जुळते की नाही हे पाहत असते.

कॅनडाने स्थलांतरितांची निवड गुणांवर करण्याची पद्धत १९६७ साली सुरू केली. आज ज्याला सगळे एक्सप्रेस एन्ट्री म्हणतात ती व्यवस्था १ जानेवारी २०१५ पासूनची. तिच्यात प्रत्येक उमेदवाराला १२०० पैकी गुण मिळतात, ठरावीक दिवसांनी ड्रॉ निघतो आणि कट-ऑफच्या वर असलेल्यांना अर्ज करण्याचे आमंत्रण येते. २०१८ च्या त्या फाइलमधील अर्जदार यंत्र अभियंता होते, वय ३५, सोबत पत्नी आणि चार वर्षांचा मुलगा. जोडीदारासह येणाऱ्याला पस्तिसाव्या वर्षी वयाचे ७० गुण मिळतात आणि तिशीत प्रत्येक वाढदिवसाला ५ गुण कमी होतात, त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या माणसांना स्वतःचा वाढदिवस नकोसा झालेला असतो. एम. ई. पदवीचे १२६ गुण होते. पहिल्या आयेल्ट्समध्ये, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेत, त्यांचे ऐकणे, वाचणे आणि बोलणे उत्तम होते, पण लेखनात साडेसहा बँड आले आणि एकूण बेरीज ३८४ वर थांबली. याचे कारण बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. चारही कौशल्ये एका विशिष्ट पातळीला पोहोचली, तरच पदवी आणि कॅनडाबाहेरील अनुभव यांचे जोडगुण पूर्ण म्हणजे १०० मिळतात. एक कौशल्य जरी खाली राहिले तरी ते निम्मे होतात. मी त्यांना तीन महिने निबंध लिहायला लावले आणि प्रत्येक निबंध स्वतः तपासला. दुसऱ्या परीक्षेत लेखनात साडेसात आले. एका बँडाने ६० गुण वाढून ते ४४४ वर गेले. त्या यशाचा मला आजही अभिमान आहे.

ऑक्टोबर २०१८ च्या मध्यात ४४० च्या कट-ऑफचा ड्रॉ निघाला आणि त्यांना आमंत्रण आले. तेथून पूर्ण अर्ज भरण्यासाठी ६० दिवस मिळतात. त्याच वर्षाच्या जूनपर्यंत ही मुदत ९० दिवसांची होती. ती कमी करताना दसरा-दिवाळीत आपल्याकडची कार्यालये, महाविद्यालये आणि कारखान्यांचे एचआर विभाग कसे चालतात याचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही. अनुभवाची पत्रे, पोलिसांचा दाखला, बँकेची सहा महिन्यांची शिल्लक हे सगळे धावपळीत जमले. दिवाळी संपल्यावर राहिले होते ते एकच काम. त्यांचा पहिला विवाह झालेला होता आणि २०११ मध्ये परस्परसंमतीने घटस्फोट झाला होता. हुकूमनामा मराठीत होता, त्याचे भाषांतर व्हायचे होते.

त्यांनी दोन पाने दिली, पहिले आणि शेवटचे. आमच्या भाषांतरकार बाईंनी ती दुसऱ्याच दिवशी परत पाठवली. शेवटच्या पानाच्या तळाशी ७ हा आकडा टंकलेला होता आणि मधली पाच पाने नव्हती. प्रत्येक भाषांतरासोबत या बाई प्रतिज्ञापत्र करतात. अपुऱ्या दस्तावर सही करणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. त्या किमतीला महाग आहेत आणि वेळही घेतात, म्हणून आमच्या कार्यालयात त्यांच्याविषयी नेहमी कुरकुर असते. मला त्यांच्याइतके विश्वासू माणूस या व्यवसायात दुसरे भेटलेले नाही. अर्जदारांना मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, मधल्या पानांत नुसती कोर्टाची भाषा आहे." तरी पाने पाठवा, असे मी सांगितले. ती संध्याकाळी आली.

चौथ्या पानावर आपसी समझोत्याच्या अटी होत्या. तिसरी अट अशी होती की उभयतांपासून झालेल्या अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलीचा कायम ताबा अर्जदार क्रमांक २, म्हणजे आईकडे राहील आणि अर्जदार क्रमांक १ हे भेटीचा हक्क मागणार नाहीत. मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. ऑनलाइन प्रोफाइलमध्ये, माझ्याकडच्या माहितीपत्रकात आणि आमच्या इतक्या महिन्यांच्या बोलण्यात ती कुठेही नव्हती. मुदतीचे २३ दिवस उरले होते.

येथे नियम सांगणे आवश्यक आहे. बावीस वर्षांखालील अविवाहित अपत्य हे अवलंबित धरले जाते. ते सोबत येणार असो वा नसो, ताबा कोणाकडेही असो, त्याचे नाव अर्जात लिहावे लागते आणि त्याची वैद्यकीय तपासणीही व्हावी लागते. जे अपत्य पालकाच्या अर्जाच्या वेळी तपासले गेले नाही, ते २००२ च्या नियमावलीतील ११७(९)(डी) या तरतुदीनुसार पुढे कुटुंबीय म्हणून त्या पालकाला सहसा बोलावता येत नाही. शिवाय माहिती दडवल्याचे उघड झाले तर पाच वर्षांची बंदी येते आणि मिळालेला पीआरही रद्द होऊ शकतो. या १२०० गुणांमध्ये मुलांना एकही गुण नाही. ज्याला गुण नाहीत ते सांगण्याची गरज नाही, अशी समजूत त्यामुळे अर्जदारांच्या मनात नकळत घट्ट होते, आणि गुण मोजण्याचे तक्ते फिरवणारे एजंट ती आणखी पक्की करतात. मीही तीन महिने निबंध तपासले आणि "तुम्हाला एकूण अपत्ये किती?" हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारला नाही, माहितीपत्रकातील कोऱ्या चौकटीवर विसंबून राहिले. आता पहिल्याच भेटीत हा प्रश्न मी तोंडी विचारते.

कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे मत वेगळे होते. मुलीचा ताबा नाही, संबंध नाही, ती येणारही नाही. आता नाव घातले तर तपासणी लागेल, ती झाली नाही तर मुदत जाईल आणि इतक्या कष्टाचे ४४४ गुण वाया जातील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना त्या कुटुंबाची काळजी होती. पण चुकीचा सल्ला काळजीपोटी दिला तरी तो चुकीचाच, हे मी त्यांना त्याच दिवशी सांगितले आणि परवानाधारकाला रात्री फोन लावला. नाव घातल्याशिवाय आपण प्रतिनिधी राहणार नाही, असे त्यांनी एका वाक्यात सांगितले.

दुसऱ्या दिवशी अर्जदार पत्नीसह आले. मी चौथे पान टेबलावर ठेवले. त्यांनी ते वाचले नाही, त्याची गरज नव्हती. ते म्हणाले, "कोर्टानेच सांगितले आहे ना, माझा काही हक्क नाही म्हणून." ताबा आणि पितृत्व या दोन निराळ्या गोष्टी आहेत, न्यायालयाने ताबा दिला आहे, मुलगी तुमचीच आहे, असे मी म्हणाले, आणि त्यानंतर खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. पुढे मी त्यांना मार्ग सांगितले. मुलीची तपासणी झाली तर उत्तम. पैशांच्या पुराव्यात कुटुंब तीनऐवजी चार जणांचे धरले जाईल आणि सुमारे चार हजार डॉलर, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आसपास रक्कम जास्त दाखवावी लागेल. आईने नकार दिला तर आपण प्रयत्न केल्याचे पुरावे जोडायचे आणि या मुलीला पुढे बोलावता येणार नाही याची आपल्याला जाणीव आहे, असे प्रतिज्ञापत्र द्यायचे. ते मान्य करायचे की नाही हे अधिकारी ठरवील.

ते प्रतिज्ञापत्राच्या बाजूने झुकत आहेत हे मला दिसत होते. त्यात फोन करावा लागणार नव्हता. पत्र पाठवून पोच घेतली की काम झाले असते. त्यांनी विचारले, "म्हणजे मी तिला कधीच नेणार नाही, असे लिहून द्यायचे?" मी होय म्हणाले. तेव्हा त्यांच्या पत्नी, ज्या तोपर्यंत एक शब्दही बोलल्या नव्हत्या, त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या, "असे लिहून देऊ नका. फोन करा."

अर्जदारांकडे पहिल्या पत्नीचा नंबर नव्हता. एका मामेभावाकडून तो मिळवण्यात अर्धा तास गेला. मी बाहेर जाऊ लागले तेव्हा त्यांनीच थांबायला सांगितले, म्हणून त्यांची एकच बाजू मी ऐकली. त्यांनी आपले नाव सांगितले, मग पुन्हा सांगितले. कॅनडा हा शब्द तीनदा उच्चारला. तपासणी साधी असते, दहा वर्षांच्या मुलीचा एक्स-रेसुद्धा काढत नाहीत, हे मीच चिठ्ठीवर लिहून पुढे केलेले वाक्य त्यांनी वाचून दाखवले. शेवटी म्हणाले, "ती कशी आहे?" आणि उत्तर ऐकून फोन ठेवला. उत्तर काय आले हे त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही.

मुलीच्या आईंनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. त्या माध्यमिक शाळेत शिक्षिका आहेत आणि त्यांचे प्रश्न मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही अर्जदारापेक्षा नेमके होते. याने ताब्यावर परिणाम होतो का? होत नाही. मुलीला जावेच लागेल का? नाही, ती सोबत येणार नाही असेच अर्जात लिहायचे आहे. मग हे कोणासाठी? यावर मी नियम समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे ती बावीस वर्षांची होईपर्यंत दार बंद होत नाही, एवढेच." मी म्हणाले, एवढेच, आणि त्या वेळी अर्ज तिच्या वडिलांनाच करावा लागेल. त्यांनी दोन अटी घातल्या. तपासणीच्या वेळी वडिलांनी तेथे यायचे नाही, आणि मुलीचे नाव असलेल्या पानाची एक प्रत त्यांना द्यायची. दुसऱ्या अटीसाठी मी अर्जदारांची लेखी संमती घेतली. तिच्याशिवाय ते पान मला देता आले नसते.

पॅनेलवरील, म्हणजे या तपासणीसाठी कॅनडाने नेमलेल्या, डॉक्टरांकडे मी स्वतः गेले होते. एरवी आम्ही जात नाही. शाळेतून परस्पर आल्यामुळे मुलगी गणवेशातच होती. उंची, वजन, डोळे, लघवीची तपासणी; पाऊण तासात सारे संपले. तिने आईला विचारले की हे कशासाठी आहे, आणि आई म्हणाली की एका फॉर्मसाठी आहे, मोठी झालीस की सांगेन. खोटे काहीही नव्हते. तरी त्या क्षणी मला फार अस्वस्थ वाटले, कारण त्या खोलीतील सर्व मोठ्या माणसांना ती तेथे का आली आहे हे ठाऊक होते आणि तिला नव्हते. मी कायद्याने बरोबर वागले याविषयी मला शंका नाही. पण ते दार त्या मुलीसाठी उघडे ठेवले की तिच्या वडिलांच्या अर्जासाठी, याचे प्रामाणिक उत्तर मी अजून शोधत आहे.

मुदतीच्या चार दिवस आधी अर्ज गेला. सोबत खुलाशाचे पत्र होते. प्रोफाइलमध्ये एक अपत्य राहून गेल्याची चूक मान्य करून त्याने गुणांमध्ये फरक पडत नाही, हे त्यात दाखवले होते. पत्राचे आठ मसुदे झाले. २०१९ मध्ये पीआर मिळाला, कुटुंब गेले, आणि माझ्या दृष्टीने फाइल बंद झाली.

गेल्या महिन्यात त्या बाईंनी विचारले ते असे: मुलगी आता बारावीत आहे, तिला सर्व सांगितले आहे, ते पान तिने स्वतःच्या फाइलमध्ये ठेवले आहे, ते अजून उपयोगाचे आहे का? मी सांगितले की नियम तोच आहे, तिचे नाव त्या अर्जात आहे, तपासणी झालेली आहे आणि बावीस पूर्ण व्हायला अवकाश आहे. मात्र अर्ज वडिलांनीच करावा लागेल. "त्यांचा पत्ता तुमच्याकडे असेल ना?" असे त्यांनी विचारले. पत्ता देणे माझ्या अधिकारात नव्हते. त्यांचा निरोप मी पोहोचवीन, एवढे मी म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी मुलीचे नाव, तिची जन्मतारीख व आईचा फोन नंबर एवढ्याच तीन ओळींचा ईमेल अर्जदारांना पाठवला. तो त्यांनी उघडल्याचे मला दिसते. उत्तर अद्याप आलेले नाही.