थायलंड, लाओस, व्हिएतनाम: ओळखीच्या वाटणाऱ्या मुलखात

मी आणि माझी मावसबहीण पाठीवर सॅक टाकून थायलंड, लाओस आणि व्हिएतनाम फिरायला निघालो, तेव्हा घरी सगळ्यांचा सूर एकच होता. "अगं, आपल्यासारखेच आहेत ते. भात खातात, देवळात जातात, चपला बाहेर काढतात." हे सगळं खरं आहे. आणि आम्ही हबकलो ते नेमक्या याच ओळखीच्या गोष्टींपाशी.

पहिला धक्का बसला बँकॉकच्या वाट फ्रा केओ मंदिरात. राजवाड्याच्या आवारातल्या या मंदिराभोवती लांबलचक ओवऱ्या आहेत आणि त्यांच्या भिंतींवर रामकथेची १७८ चित्रं. थायलंडची रामकथा म्हणजे 'रामकियन'. आम्ही दोघी भीमरूपी तोंडपाठ असलेल्या, शनिवारी मारुतीला तेल आणि रुईची माळ वाहणाऱ्या घरांतल्या. इथल्या कथेत हनुमान सेतू बांधतोय, रावणाची लेक सुवर्णमत्स्या ही मत्स्यकन्या तो उधळून लावायला आलीय, हनुमान तिला पकडतो, आणि मग दोघांचं प्रेम जमतं. त्यांना मुलगाही होतो. बहिणीला ते बघवेना. आपल्याकडे मकरध्वजाची गोष्ट आहे, पण तिथे घामाचा थेंब मगरीनं गिळलेला असतो, मारुतीच्या ब्रह्मचर्याला धक्का लागत नाही. इथे सरळसरळ प्रेमकथा, आणि तीही राजाच्या देवळाच्या भिंतीवर, सोनेरी रंगात. सुवर्णमत्स्येचं चित्र शुभ मानून दुकानांतही लावतात.

आम्ही तिथेच ओवरीत बसलो आणि बराच वेळ बोललो. हे रामकियन राम पहिला या राजानं अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध करून घेतलं. त्यांच्या जुन्या राजधानीचं नाव अयुथया, आजच्या राजालाही 'राम दहावा' म्हणतात. इतक्या पिढ्या ज्यांनी ही कथा आपली म्हणून जपली, त्यांनी 'आपल्या' कथेत ढवळाढवळ केली असं म्हणण्यात काही अर्थ नाही. ही त्यांचीच कथा. एवढं मनाशी धरल्यावर आम्ही उरलेली भिंत शांतपणे पाहिली. पुढच्या सगळ्या प्रवासात हीच सवय कामी आली.

बँकॉकमध्येच लुंफिनी बागेत संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं. धावणारी माणसं जागच्या जागी थांबली, घाम पुसायलाही कुणी हात उचलला नाही. गीत संपलं तशी पुन्हा धावायला लागली. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला हे होतं. तिथे असाल तर तुम्हीही थांबा.

खाण्याचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आम्ही दोघी शाकाहारी. तिथे 'मांस नको' म्हटलं की मांस काढतात, पण माशाचा सॉस राहतोच. तो त्यांच्या लेखी मिठासारखा आहे, त्यामुळे कुणी फसवतंय असं मुळीच नाही. यावर उपाय म्हणजे 'जे' जेवण: पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेलं दुकान शोधायचं. चिनी बौद्ध परंपरेतला हा आहार आहे. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या आजीनं तिथे निःशंक मनानं पान मांडलं असतं.

उत्तरेला चिआंग खोंगहून मेकाँगवरचा पूल ओलांडून लाओसमध्ये शिरलो. हा पूल २०१३ मध्ये खुला झाला. थायलंडमध्ये आपल्यासारखी वाहनं डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून. नदीच्या पलीकडे बाजू बदलते आणि रस्ता ओलांडताना मान आधी कुठे वळवायची इथपासून सुरुवात होते. व्हिसा तिथल्याच खिडकीवर मिळाला; डॉलरच्या कोऱ्या नोटा आणि पासपोर्ट फोटो जवळ ठेवा.

लाओसच्या सीमेवरचं हुए साय ते लुआंग प्रबांग ही नावेची वाट दोन दिवसांची, मध्ये रात्री पाकबेंगला मुक्काम. नाव वेळेवर सुटली नाही. कुणी विचारलंही नाही. एका प्रवाशानं आवाज चढवला तशी नाववाल्यानं हसून मान खाली घातली, आणि काम होतं त्याहून सावकाश सुरू झालं. एसटी स्टँडवर वाढलेल्या आम्हा दोघींना हे फार जड गेलं. तिथे चारचौघांत ओरडणाऱ्याचीच पत जाते. दुसऱ्या दिवशी आम्ही आपसातही हळू बोलायला लागलो होतो. जेवताना मात्र घरी आल्यासारखं वाटलं: बांबूच्या टोपलीतला चिकट भात, हातानं गोळा करून खायचा. थायलंडमधल्या काट्या-चमच्यानंतर बोटांना काम मिळालं.

लुआंग प्रबांगमध्ये पहाटे भिक्षू भिक्षेला निघतात. मुख्य रस्त्यावर पर्यटकांची फार गर्दी असते, फ्लॅशही उडतात. ते पाहून वाईट वाटतं. आम्ही मागच्या गल्लीत, रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहिलो. एक आजी चटईवर गुडघे टेकून बसली होती, एका खांद्यावरून उपरणं घेतलेलं, चपला बाजूला. केशरी वस्त्रांतली रांग अनवाणी आली. प्रत्येकाच्या पात्रात तिनं भाताचा एक छोटा गोळा टाकला. कुणी काही मागितलं नाही, आशीर्वादाचा हात वर झाला नाही, नजरही मिळाली नाही. माझ्या मनात माधुकरी होती, 'ओम् भवति भिक्षां देहि' होतं, आणि इथे इतकी शांतता की सुरुवातीला कोरडेपणा वाटला. मग ध्यानात आलं की इथे उपकार घेणाऱ्यावर होतच नाहीत. पुण्य आजीला लाभतंय, ती संधी भिक्षू तिला देत आहेत. रांगेच्या शेवटी टोपल्या घेऊन लहान मुलं बसली होती. भिक्षूंनी आपल्या पात्रातला थोडा भात त्यांना दिला. मी या प्रवासात पाहिलेलं सगळ्यात सुंदर ते हेच. जाल तर लांब उभे राहा, खांदे-गुडघे झाका, आणि बाईमाणसानं भिक्षूला स्पर्श होणार नाही एवढं जपा.

तिथून विमानानं हनोईला गेलो. ई-व्हिसा आधीच काढला होता; अर्जात कुठून आत शिरणार ते लिहावं लागतं. लाओसच्या शांततेला सरावलेल्या कानांना हनोई सोसेना. दुचाक्यांचा लोंढा थांबतच नाही. रस्ता ओलांडायचा तो सावकाश, एका चालीनं, मध्ये न थबकता. चालक तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूनं जातात. धावलात तर त्यांचा अंदाज चुकतो. इथे भाव करायचा, आवाज थोडा चढला तरी कुणाला वावगं वाटत नाही. २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या नोटा दोन्ही निळ्या, तेव्हा पैसे देताना शून्यं मोजा.

शाकाहाराची काळजी इथे पुन्हा सुरू झाली, कारण फो म्हणजे तिथल्या नूडल्सच्या सूपच्या रश्शात हाडं उकळलेली असतात. 'कम चाय' अशी पाटी शोधायची, ते शाकाहारी जेवण. एका सकाळी एरवी मांसच विकणाऱ्या ठेल्यावरही टोफू आणि अळंबीचे पदार्थ मांडलेले दिसले. त्या दिवशी पौर्णिमा होती. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथली बरीच माणसं मांस वर्ज्य करतात. शाकाहारी माणसानं हनोईचे दिवस ठरवताना कालनिर्णय जरूर उघडावं. त्या दोन दिवशी जेवायला निवड खूप मिळते.