क्लचची केबल आणि काकूंचं नाक

मे महिन्यातली सकाळ. सातारच्या आमच्या गॅरेजात एक पांढरी मारुती ८०० आली, १९९७ची, कार्बोरेटरवाली. मालक रहिमतपूरकडचे, पोस्टातून निवृत्त झालेले काका. पंधरा वर्षांनंतर पुन्हा पासिंग, मग दर पाच वर्षांनी तेच, हरित कर वेळच्या वेळी भरलेला. अशी गाडी आली की मला बरं वाटतं. लॅपटॉप लावायचा नाही, कान आणि हात लावायचे.

काकांनी दोन तक्रारी सांगितल्या, मी जॉबकार्डावर दोन ओळी लिहिल्या. पहिली, क्लच जड झालाय, केबल बदलणे. दुसरी, सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, ओढत नाही. शेजारी काकू बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आणि सुरू करताना वास येतो.” काका म्हणाले, “जुन्या गाडीला वास यायचाच.” मीही ते लिहिलं नाही.

आठ महिन्यांतली ही तिसरी क्लच केबल. काकांनी आधीच्या दोन्ही केबली पिशवीत घालून आणल्या होत्या. पोस्टातला माणूस, काही टाकून देत नाही. आधीच्या मेकॅनिकांनी डुप्लिकेट माल म्हणून हात झटकले होते. मलाही तेच वाटलं. सेल्फच्या नावानेही खर्च झालेलाच होता: बॅटरी वर्षापूर्वीची, सेल्फ एकदा आतली तार नव्याने भरून आणलेला.

मग मी नको ते केलं. सेल्फ खाली उतरवला. कार्बन पाहिले, बुश पाहिले, सगळं ठणठणीत. बाकावर ठेवून थेट बॅटरीचा करंट दिला तर असा भिंगरीसारखा फिरला की पोऱ्या दचकून मागे सरकला. परत बसवला, चावी फिरवली आणि पुन्हा तेच, घँऽ... घँऽ... जसं काही इंजिनात गूळ भरलाय. दीड तास गेला.

चहा घेता घेता हेडलाइट लावून पोऱ्याला म्हटलं, मार सेल्फ. सेल्फ रडतोय आणि लाइट मात्र जराही मंद होत नाही. इथे मी कप खाली ठेवला. बॅटरी उतरली असेल तर सेल्फ मारताना लाइट पिवळा पडतो. सेल्फ आतून जाम असेल तरी तो करंट ओढतो आणि लाइट पडतोच. लाइट तेज राहिला याचा अर्थ बॅटरीतून हवा तेवढा करंट बाहेर पडत नाहीये, वाटेत कुठेतरी अडतोय. प्लसची जाड वायर मी सेल्फ बसवताना नुकतीच घासून आवळली होती. उरला परतीचा रस्ता, मायनसचा.

तेवढ्यात काकू खुर्चीवरून म्हणाल्या, “हाच वास. प्लॅस्टिकचा डबा गॅसजवळ राहिल्यासारखा.” मी वाकून बॉनेटखाली नाक नेलं आणि क्लच केबलला बोट लावलं. बोट भाजलं. इंजिन सकाळपासून थंड होतं.

आता मल्टिमीटर काढला. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मार म्हटलं. इथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसता कामा नये. आकडा आला ३.८. बारा व्होल्टच्या गाडीत जवळजवळ चार व्होल्ट परतीच्या वाटेवरच संपत होते.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात. रबरातून करंट जात नाही. म्हणून बॅटरीच्या मायनसची एक वायर बॉडीला आणि दुसरी जाड वायर गिअरबॉक्सला लागते. सेल्फ जे काही ओढतो ते त्या दुसऱ्या वायरने परत येतं. ती नसेल तर करंट बसून राहत नाही, सापडेल त्या धातूवरून जातो. या गाडीत सापडला क्लच केबलचा तारेचा वेटोळा आणि थोडीफार ॲक्सिलरेटरची केबल. दरवेळी चावी फिरवली की क्लच केबल हीटरच्या कॉइलसारखी तापायची, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर विरघळून तारेला चिकटायचं, आणि काही महिन्यांत क्लच जड. काकांच्या पिशवीतली एक केबल मी कापून बघितली. आत काळा चिकटा, तार हलता हलेना. गाडी एकदा सुरू झाली की बाकीचं काम थोड्या करंटवर भागतं, म्हणून रस्त्यात कधी कुरकुर नव्हती.

खात्रीसाठी जंप केबलची एक तार बॅटरीच्या मायनसवरून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला लावली. अर्ध्या चावीत गाडी सुरू. काका उभे राहिले.

वायर गेली कुठे? बॅटरीच्या पेटीखाली हात घातला तर टेप गुंडाळलेलं एक तोंड हाताला लागलं. वर्षापूर्वी बॅटरी बदलताना कुणीतरी गंजलेला टर्मिनल कापून नवा तयार टर्मिनल लावला होता. तो फक्त बॉडीपर्यंत पुरत होता. गिअरबॉक्सकडचं टोक उगाच लोंबकळू नये म्हणून त्यानं नीट टेपही लावली. कामात नीटनेटका माणूस, याचं मला आजही कौतुक वाटतं.

नवी जाड वायर कापली, दोन्ही टोकांना लग, म्हणजे बोल्टात बसणारी धातूची तोंडं, दाबून बसवले, बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून काढला, आवळून वर ग्रीस लावलं. नवीन क्लच केबल घातली. मीटरवर आता ०.२. ॲक्सिलरेटरची केबल सुदैवाने वाचली होती.

बिल करायला बसलो आणि अडकलो. केबल आणि वायर मिळून हजाराच्या आत. पण सेल्फ उतरवून चढवण्याची मजुरी? काका म्हणाले, “लावा की, काम तर केलंत.” मी पेन धरून बसलो. काकूंनी पर्स उघडता उघडता निकाल दिला, “केबलचे आणि वायरचे घ्या. सेल्फ तुम्ही तुमच्या हौसेने खोललात.”

मी ती ओळ खोडली.